सार्वजनिक काकांचं वकीलपत्र

दिवाळी अंकासाठी काहीतरी लिही, असा निरोप ऑगस्टमध्ये संपादक मंडळाकडून आला, तेव्हा माझ्या डोक्यात लेखबिख काही नव्हता. डोक्यात होता एक फॉर्म. त्या फॉर्ममुळे मी सार्वजनिक काकांपर्यंत कसा पोचलो ते आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे एका कॉम्प्युटर इंजिनिअरनं दीडशे वर्षांपूर्वीच्या वकिलावर का लिहिलं, हे कोडं पडणार नाही.

आमच्या इथे न्यू जर्सीत शेजारच्या गावात एक फूड पँट्री आहे. दर शनिवारी सकाळी तिथे गरजू कुटुंबांना धान्य, डबाबंद भाज्या, दूध, पाव असं वाटतात. मंडळातले आम्ही चार-पाच जण आलटून पालटून खोकी उचलायला जातो. दोन वर्षांपूर्वी मला वाटलं, आपण काय नुसती खोकी उचलतोय! दिवसभर ज्याचे पैसे घेतो ते काम फुकट दिलं तर? (आमच्या ऑफिसातून वर्षातून एकदा टी-शर्ट घालून समाजसेवेला नेतात, आणि वीस इंजिनिअर मिळून एक कुंपण रंगवतात. त्या संस्थेचा हिशेब मात्र तसाच वहीत पडलेला असतो. हे मला कायम गमतीचं वाटत आलंय.) पँट्रीची नोंदणी वहीत चालायची. मी तीन वीकेंड बसून टॅबलेटवर चालणारा एक छान प्रोग्राम लिहून दिला. नाव, पत्ता, फोन, घरात माणसं किती आणि ओळखपत्राचा नंबर. संचालक खूश, मी त्याहून खूश.

पाच-सहा आठवड्यांत रांग आखूड झाली. नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मला बाजूला घेऊन कारण सांगितलं. ओळखपत्राचा रकाना बघून काही माणसं काही न बोलता मागे फिरत होती. वहीत तो रकाना कधीच नव्हता. पँट्रीनं तो मागितलाही नव्हता. दोन सारख्या नावांची माणसं वेगळी ओळखायला डेटाबेसला काहीतरी एकमेव लागतं, म्हणून तो मी घातला होता. माझ्या सोयीसाठी. त्या सोयीपायी किती घरांत शनिवारचा डबा गेला नाही, हे मला आजही सांगता येणार नाही.

मंडळाच्या नोंदणीची सगळी कागदपत्रं ज्यांनी एक डॉलरही न घेता करून दिली, त्या आमच्या वकील काकांना मी हे सांगितलं. त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही. फक्त विचारलं की हे काम करायला मला कोणी सांगितलं होतं? मी संचालकांचं नाव घेतलं. त्यावर ते म्हणाले की रांगेतल्या कोणी सांगितलं होतं का? वकिलाच्या धंद्यात पहिला कागद असतो वकीलपत्राचा. तो नसेल तर वकील कितीही हुशार असो, कोर्टात तो कोणाच्या वतीनं उभा आहे हेच ठरत नाही. आणि मग सहज म्हणाले की तू पुण्यात शिकलास ना, सार्वजनिक काका ठाऊक असतील.

ठाऊक होते, पण शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपुरते. खादी घालून दिल्ली दरबाराला गेलेले गृहस्थ. संपलं. मागच्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं. इथून पुढे त्यांचीच गोष्ट.

गणेश वासुदेव जोशी यांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. छत्रपतींची गादी तेव्हा साताऱ्यात होती, पण मराठी राज्य बुडून दहा वर्षं झाली होती. तरुण वयात ते पुण्याला आले, सरकारी न्यायकचेरीत नोकरी केली, आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन वकील झाले. त्या काळात वकील होणं म्हणजे काय, हे आपण जरा समजून घेतलं पाहिजे. इंग्रजांचे कायदे नवे, कोर्टं नवी, त्यांची भाषा आणि कागद नवे. पिढ्यान् पिढ्या गावच्या पंचांपुढे भांडलेल्या माणसाला एकाएकी मुद्दत, दावा, हुकूमनामा, अपील असले शब्द ऐकू यायला लागले. हे सगळं ज्याला कळतं त्याच्याकडे लोकांची रीघ लागायची, आणि पैसाही. आपल्या पिढीत ज्याला कॉम्प्युटर येतो त्याचं जे झालं, तेच तेव्हा वकिलांचं झालं. काकांना या धंद्यात नुसतं कमवत राहता आलं असतं.

मी इंजिनिअरिंगची चार वर्षं पुण्यात काढली. रविवारी सकाळी आम्ही होस्टेलची पोरं पर्वती चढायचो. एकशे तीन पायऱ्या. वर नानासाहेब पेशव्यांनी बांधलेलं देवदेवेश्वराचं देऊळ, तिथून दिसणारं अख्खं पुणं, आणि खाली उतरल्यावर मिसळ. महाराष्ट्रातल्या राजकारणाची एक मोठी सुरुवात या देवळाच्या हिशेबावरून झाली, हे मला चार वर्षांत कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही म्हणा.

झालं असं होतं. पेशवाई गेल्यानंतर पर्वतीच्या देवस्थानाला सरकारकडून नेमणूक मिळत होती आणि कारभार पंचांकडे होता. आजच्या भाषेत बोलायचं तर धर्मादाय संस्था आणि तिचे ट्रस्टी. या पंचांचा कारभार नीट चालत नाही, अशी पुण्यात तक्रार होती. लोक चिडले होते. आता चिडलेले लोक काय करतात? चार प्रतिष्ठित माणसं जमतात, एक अर्ज लिहितात, खाली सह्या करतात. पण तुम्ही चार जण बोलताय ते कोणाच्या वतीनं, असं कोणी विचारलं तर उत्तर काय? देऊळ सगळ्यांचं, पैसा सगळ्यांचा, मग या चौघांना नेमलं कोणी? पंचांनाही लोकांनी नेमलं नव्हतं आणि तक्रार करणाऱ्यांनाही नाही.

या प्रश्नावर काकांनी जे उत्तर काढलं ते फक्त वकिलालाच सुचावं असं होतं. कोर्टात अशिलाच्या वतीनं उभं राहायला कागद लागतो ना, मग सरकारपुढे लोकांच्या वतीनं उभं राहायलाही कागद आणा. त्यांनी नियम असा केला की नव्या सभेचं सभासद व्हायचं तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. ती माणसं कोणत्याही जातीधर्माची असोत. पन्नास जणांनी लिहून द्यायचं की सार्वजनिक कामात हा माणूस आमच्या वतीनं बोलेल. शिवाय सभासदानं निःपक्षपातीपणे काम करण्याची शपथ घ्यायची. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रं देऊन पंचाण्णव सभासद पाठवले होते. अध्यक्षपदी औंधचे पंतप्रतिनिधी होते आणि राबणारे गणेश वासुदेव जोशी.

हे वाचून मी खुर्चीवरून उठून घरात दोन फेऱ्या मारल्या. १८७० साल! हिंदुस्थानात कुठल्या कायदेमंडळावर निवडून जायची सोय नव्हती. मतदान हा शब्द लोकांच्या कानावर पडला नव्हता. आणि पुण्यातला एक वकील आपल्या कपाटातला रोजचा कोरा नमुना काढतो, त्यात अशिलाच्या जागी पन्नास माणसं लिहितो, आणि त्यातून प्रतिनिधी तयार करतो. नवं काही शोधायला गेला नाही. जे येत होतं तेच वेगळ्या ठिकाणी लावलं.

एक गंमत सांगतो. अमेरिकेतल्या वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेची, म्हणजे अमेरिकन बार असोसिएशनची, एक आदर्श नियमावली आहे. तिच्यात प्रत्येक वकिलानं वर्षाला निदान पन्नास तास फी न घेता काम करावं, अशी अपेक्षा लिहिलेली आहे. अशा कामाला इथे प्रो बोनो म्हणतात. मूळ लॅटिन शब्द प्रो बोनो पब्लिको, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी. इथे पन्नास तास आणि तिथे पन्नास सह्या, हा निव्वळ योगायोग. पण मला त्यात फरक जास्त दिसतो. पन्नास तासांचा हिशेब देणाऱ्याच्या घड्याळावर होतो, पन्नास सह्या मात्र घेणाऱ्यांकडे जाऊन मागाव्या लागतात. आणि पब्लिको याचं मराठी भाषांतर पुण्याच्या लोकांनी करूनच ठेवलं होतं. सभेच्या कामात काका इतके बुडून गेले की लोक त्यांना सार्वजनिक काकाच म्हणायला लागले. जोशी आडनाव मागे पडलं.

१८७१ मध्ये महादेव गोविंद रानडे न्यायखात्यात बदली होऊन पुण्याला आले आणि सभेचं नशीब उघडलं. रानड्यांचा अभ्यास दांडगा, पण ते सरकारी नोकर. उघडपणे सही करून सरकारशी भांडणं त्यांना शक्य नव्हतं. काकांना ते बंधन नव्हतं. माझ्या मते ही जोडी जमली ती यामुळे. एक जण मागे बसून आकडे आणि युक्तिवाद तयार करी, दुसरा पुढे उभा राहून सही करी, सभा भरवी, गावोगाव जाई. आमच्या क्षेत्रात याला फ्रंट-एंड आणि बॅक-एंड म्हणतात, आणि श्रेय कोणाला यावरून भांडणं होतात. या दोघांत तसं झाल्याचं माझ्या वाचनात आलं नाही. पुढे इतिहासाच्या पुस्तकांनी मात्र रानड्यांना प्रकरणं दिली आणि काकांना परिच्छेद.

सभेनं काय केलं? पहिल्याच दोन-तीन वर्षांत तिनं शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करायला समिती नेमली आणि सारावाढीबद्दलचा अहवाल छापला. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची दप्तरं जाळली, ते दख्खनचे दंगे आपल्याला इतिहासात होते. म्हणजे सभा दंग्यांच्या आधी गावात पोचली होती. त्याच सुमारास हिंदुस्थानचे प्रतिनिधी ब्रिटिश पार्लमेंटात घ्यावेत, असा अर्ज सभेनं थेट विलायतेला पाठवला. अर्ज फेटाळले जायचे, दप्तरात पडायचे. काका पुढचा लिहायला घ्यायचे. वकिलाला खटला हरण्याची सवय असते, हा गुण सार्वजनिक कामात फार उपयोगी पडत असावा.

मला सगळ्यात आवडलेलं काम मात्र लवाद कोर्टाचं. १८७६ च्या सुमारास काका आणि रानडे यांनी पुण्यात लवादाची सोय उभी केली. दोन्ही पक्षांनी संमती द्यायची, आपलं भांडण पंचांपुढे ठेवायचं, आणि पंच देतील तो निवाडा मानायचा. त्या वेळी सरकारी कोर्टात काय चालायचं? सावकार दावा लावी, शेतकऱ्याला एक तर समन्सातलं कळत नसे किंवा पुण्यापर्यंत यायला परवडत नसे, आणि मग त्याच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूमनामा होई. जमीन गेली. आणि तिन्ही त्रिकाळ भरलेल्या या कोर्टांवर वकिलांची घरं चालत होती. अशा वेळी एक वकीलच म्हणतो की कोर्टात जाऊ नका, माझ्या धंद्यातल्या माणसांना पैसे देऊ नका, इथे या आणि मिटवा. फावला वेळ देणं वेगळं, आणि आपल्या धंद्याचं गिऱ्हाईक कमी होईल असं काम उभं करणं वेगळं. मी तरी अजून असा प्रोग्राम लिहिलेला नाही की ज्यामुळे मला कन्सल्टंट म्हणून बोलवायची गरजच उरणार नाही. (बायको म्हणते, तसे प्रोग्राम आता आपोआप लिहिले जातायत, तू काळजी करू नकोस.)

आता खादीकडे येऊ. १८७२ च्या जानेवारीत काकांनी स्वदेशी वापरण्याचं व्रत घेतलं. पुढे ते स्वतः सूत काढत आणि हातमागाचं जाडंभरडं कापड वापरत. गांधीजींचा जन्म होऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षं झाली होती! पण काकांचं स्वदेशी अंगावरच्या कपड्यापाशी थांबलं नाही. देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून त्यांनी शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असल्या रोजच्या वस्तू इथेच तयार व्हाव्यात आणि विकल्या जाव्यात म्हणून खटपट केली. दुकानं काढायला लावली. त्यात त्यांना पैशाची झळ बसली. धंदा हे त्यांचं क्षेत्र नव्हतं. विलायती माल स्वस्त आणि सफाईदार होता, आणि देशाभिमानावर छत्री खपते ती एकदाच. जिथे त्यांचं स्वतःचं कसब होतं, म्हणजे कागद, अर्ज, प्रतिनिधित्व, तिथे त्यांनी उभं केलेलं टिकलं. दुकानांचं तसं झालं नाही. पण मंडईतल्या माणसापर्यंत स्वदेशी हा शब्द नेऊन ठेवण्याचं काम त्या न चाललेल्या दुकानांनीच केलं असेल, असंही वाटतं.

घरातही हे वारं होतं. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी पुण्यात स्त्री-विचारवती सभा काढली. निरनिराळ्या जातींच्या बायकांना हळदीकुंकवाला एकत्र बोलवायचं, आणि त्या निमित्तानं बोलणं-बसणं घडवायचं. नवऱ्यानं वकीलपत्र वापरलं, बायकोनं हळदीकुंकू. ज्याच्या हातात जे होतं ते. आपल्याकडे संक्रांतीला मंडळाचं हळदीकुंकू असतं तेव्हा मला आता सरस्वतीबाई आठवतात.

१ जानेवारी १८७७. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायला लॉर्ड लिटननं दिल्लीत दरबार भरवला. राजेरजवाडे, हत्ती, तोफा, जडजवाहीर, तंबूंचं शहर. तिथे सभेचं मानपत्र घेऊन सार्वजनिक काका गेले, हातसुताचे पांढरे कपडे घालून. मानपत्राची भाषा अगदी नम्र, राणीचं अभिनंदन करणारी. पण त्या नम्र भाषेत मागणी अशी होती की हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय आणि सामाजिक दर्जा द्यावा. सहा हजार लोकांच्या सह्या पाठीशी असलेला माणूस, म्हणून त्याला तिथे तोंड उघडता आलं. पुस्तकातल्या त्या एका ओळीत खादी होती. सह्या नव्हत्या.

आणि त्याच वेळी घरी काय चाललं होतं? १८७६ चा पाऊस दख्खनमध्ये गेला होता. पुणे, सातारा, नगर, सोलापूर, सगळीकडे दुष्काळ. दिल्लीत मेजवान्या झडत होत्या तेव्हा इथे माणसं गावं सोडून चालायला लागली होती. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि १८७७ च्या सुरुवातीलाच सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्यानं खर्च वाचवायला मजुरी कापली. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला साधारण एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोलाही कमी. कामावरच्या लोकांनी ते नाकारलं आणि हजारो माणसं काम सोडून निघून गेली. भुकेल्या माणसांनी संप करायचा, ही कल्पनाच करवत नाही.

इथे सभेचं खरं काम दिसतं. दान गोळा करणं चालू होतंच, पण सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसं पाठवली, तालुक्यातालुक्याची माहिती मागवली: पाऊस किती, पीक किती, धान्याचा भाव काय, कामं कुठे आहेत, गावं कुठली ओस पडली. ती माहिती घेऊन सरकारला पत्रामागून पत्रं पाठवली आणि कापलेल्या मजुरीविरुद्ध निवेदन दिलं. काम सोडून गेलेल्यांना सरकार हट्टी म्हणत होतं, सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. यात रानडे, सभेचे चिटणीस सीताराम हरी चिपळूणकर आणि काका, सगळ्यांचा हात होता. मी रोज जे डॅशबोर्ड बनवतो, त्यात आणि या तक्त्यांत फरक एवढाच की तिथल्या प्रत्येक आकड्यासाठी कोणीतरी उन्हात चालत गेलं होतं. टेंपलसाहेब लवकरच मुंबईचे गव्हर्नर झाले. म्हणजे ज्याच्या हुकुमाविरुद्ध लिहिलं, त्याच्याच राज्यात आता राहायचं होतं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, नाहीतर लेख आरतीसारखा होईल. महात्मा फुल्यांनी या सभेवर कडक टीका केली. तिचे पुढारी ब्राह्मण, शूद्र-अतिशूद्र शेतकऱ्यांना त्यात जागा नाही, मग ती सार्वजनिक कशी, असा त्यांचा रोख होता. आणि सभासदांची यादी पाहिली तर ती टीका खोटी म्हणता येत नाही. सरदार, इनामदार, सावकार, पेन्शनर, वकील यांचाच भरणा. मुखत्यारपत्रावर सही कोणीही करावी, अशी मुभा होती, पण पन्नास सह्या गोळा करायला वेळ, ओळख आणि अक्षर ज्याच्याकडे, तोच सभासद होणार. काकांनी दार बांधलं ते उघडंच होतं, पण उंबरठा फार उंच राहिला. माझ्या त्या ओळखपत्राच्या रकान्याच्या अनुभवानंतर मी यावर जास्त बोलणं बरं नाही.

आता १८७९. दुष्काळात लोकांचे हाल पाहून पेटून उठलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी, लष्करी हिशेब खात्यातली नोकरी असलेल्या या माणसानं, रामोशी आणि इतरांना जमवून सरकारविरुद्ध बंड केलं. मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या. सरकारला सगळीकडे कट दिसायला लागला. पुण्याच्या शिकलेल्या लोकांवर नजर होती. रानड्यांची आधीच नाशिकला बदली झाली होती, आता तिथून धुळ्याला. सभेकडे सरकार संशयानं बघत होतं. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि खटल्यासाठी पुण्याला आणले गेले. आरोप राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा. पुरावा म्हणजे त्यांच्याच हातची रोजनिशी आणि आत्मवृत्त.

मंडळी, जरा विचार करा. खटला हरणार, हे दिसतंय. अशिलाकडे पैसा नाही. शहर घाबरलेलं आहे. आणि काकांचा स्वतःचा रस्ता अर्ज-निवेदनांचा, सनदशीर. दहा वर्षं जपलेली सभा या एका वकीलपत्रानं बंडखोरांची सभा ठरू शकली असती. अशा वेळी पुढे येऊन फडक्यांचं वकीलपत्र घेतलं ते सार्वजनिक काकांनी.

या निर्णयावर मी बराच विचार केला. फडक्यांचा मार्ग त्यांना पटत होता म्हणून घेतलं, असं मला वाटत नाही. आयुष्यभर त्यांनी उलट रस्ता धरला होता. मला वाटतं, ते वकील होते म्हणून घेतलं. आरोपीच्या बाजूनं कोणी बोललंच नाही तर तो खटला राहत नाही, नुसती शिक्षा राहते. आणि दुष्काळात ज्यांच्या वतीनं त्यांनी निवेदनं लिहिली, त्याच लोकांच्या भुकेतून हा माणूस निघाला होता. नऊ वर्षांपूर्वी पर्वतीच्या हिशेबासाठी सहा हजारांनी लिहून दिलं होतं, इथे एकानं. कागद तोच.

नोव्हेंबरात निकाल लागला. जन्मठेप काळ्या पाण्याची. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला फडक्यांना एडनला नेलं, आणि तिथेच १७ फेब्रुवारी १८८३ ला ते गेले. काकांना तेही बघावं लागलं नाही. खटल्यानंतर नऊ महिन्यांच्या आत, २५ जुलै १८८० रोजी, सार्वजनिक काका वारले. वय अवघं बावन्न.

त्याच १८८० च्या १ जानेवारीला पुण्यात चिपळूणकर-टिळकांचं न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं होतं. पुढे गोपाळ कृष्ण गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले, आणि टिळकांनी १८९६ च्या दुष्काळात याच सभेची माणसं गावोगाव पाठवून शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावले. १८८५ मध्ये काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पुण्यात भरायचं ठरलं होतं, यजमान सार्वजनिक सभा. पण ऐन वेळी पटकी आली आणि ते मुंबईला हलवावं लागलं. नाहीतर पहिल्या काँग्रेसच्या यजमानपदावर काकांच्या सभेचं नाव लागलं असतं.

त्याच डिसेंबरात पुन्हा पर्वती चढलो. मुलगी बरोबर होती, सात वर्षांची, पायऱ्या मोजत होती. वर पोचल्यावर तिनं विचारलं की हे देऊळ कोणाचं? मी पेशव्यांचं म्हणालो, मग थांबलो, आणि तिला खाली दिसणाऱ्या पेठा दाखवत सहा हजार लोकांची गोष्ट सांगायला लागलो. तिला चिक्की हवी होती. पण पन्नास सह्यांची कल्पना तिला आवडली असावी, कारण परतल्यावर तिनं वर्गात मधल्या सुट्टीसाठी सह्या गोळा केल्याची चिठ्ठी तिच्या शिक्षिकेकडून आम्हाला आली.

पँट्रीचं म्हणाल तर ओळखपत्राचा रकाना मी त्याच आठवड्यात काढला. आता येणाऱ्या प्रत्येक घराला एक साधं क्रमांकाचं कार्ड देतो, डेटाबेसला तेवढं पुरतं. शिक्षिकाबाईंच्या सांगण्यावरून पत्त्याचाही रकाना गेला. रांग हळूहळू वाढली, सगळी माणसं परत आली की नाही ते कळायला मार्ग नाही, कारण ती कोण होती हे वहीत लिहिलेलंच नव्हतं. आता संचालकांना आणखी एक रकाना हवा आहे, मुलांच्या वयाचा, म्हणजे दूध किती मागवायचं ते कळेल. या वेळी मी लगेच हो म्हटलेलं नाही. येत्या शनिवारी वकील काका आणि मी सकाळी सातलाच तिथे पोचणार आहोत, आणि रांगेत उभ्या असलेल्यांनाच विचारणार आहोत. काकांनी स्पॅनिशमध्ये चार वाक्यं पाठ केली आहेत, माझी अजून दोनच झालीत.